नटांचा चित्रकार शाराकू

नटाचें चित्र काढावयाचें म्हणजे नेमकें कोणाचें काढावयाचें? रंगभूमीवर जें पात्र वावरतें त्याचें, कीं तें सोंग घेतलेल्या माणसाचें? या प्रश्नाचें उत्तर शाराकू नांवाच्या एका जपानी चित्रकारानें दिलें. त्याचा परिचय आज आपणांस करून द्यावयाचा आहे.

इ. स. १७९४ मधील ही गोष्ट. एदो, म्हणजे आजचें टोकियो, या नगरांत काबुकी नाटकांचें मोठें वेड होतें. आवडत्या नटाचें रंगीत चित्र अल्प किंमतीस विकत घेण्याची तेथील नागरिकांना हौस असे. हीं चित्रें लांकडी ठशांनीं छापीत. चित्रकारानें पातळ कागदावर केलेलें रेखाटन चेरीच्या फळीवर उलटें चिकटवून कारागीर रेषा तेवढ्या उठावांत ठेवी व बाकीचें लांकूड कोरून काढी. प्रत्येक रंगासाठीं बहुधा निराळा ठसा लागे. मग छापणारा ओलसर कागद ठशावर ठेवून तो पाठीमागून घाशी. या सर्व खटाटोपास पैसा पुरवी तो प्रकाशक.

शाराकूचा प्रकाशक त्सुताया जूझाबुरो. सरकारी निर्बंध मोडल्याबद्दल इ. स. १७९१ मध्यें त्याला जबर दंड झाला होता. तरीहि एका अपरिचित चित्रकाराचीं २८ मोठीं चित्रें त्यानें प्रथमच बाजारांत आणलीं, आणि त्यांच्या पार्श्वभागास अभ्रकाची काळसर चकाकी दिली.

या चित्रांत नटाचें मस्तक व छाती एवढाच भाग दिसतो. ओतानी ओनिजी तिसरा या नटाचें चित्र त्यांत सर्वांत प्रसिद्ध आहे. तो एदोबेई नांवाच्या दुष्ट सेवकाच्या भूमिकेंत आहे व पैसे लुटण्यास टपला आहे. मान पुढें काढलेली, ओठ घट्ट मिटलेले, डोळे तिरके, आणि वस्त्रांतून बाहेर आलेल्या दोन्ही हातांचीं बोटें ताठ पसरलेलीं. क्षणार्धांत कांहीं तरी घडणार असें पाहणारास वाटतें.

दुसरें चित्र स्त्री-भूमिकेचें घ्या. इ. स. १६२९ मध्यें स्त्रियांना काबुकींत काम करण्यास बंदी झाली व पुढें आपल्याकडील स्त्रीपार्टी नटांप्रमाणें तेथेंहि पुरुषच त्या भूमिका करूं लागले. सेगावा किकुनोजो तिसरा हा अशा भूमिकांबद्दल अतिशय गाजलेला नट. शाराकूनें त्याला स्त्रीवेषांत दाखविलें खरें. पण चाळिशी उलटलेल्या पुरुषाचा जड जबडा मात्र झांकला नाहीं. पात्र आणि माणूस दोन्ही एकाच चेहऱ्यांत आहेत. हेंच त्याचें उत्तर!

तें सर्वांना रुचलें नाहीं. आवडत्या नटाचें चित्र घेणारास त्याचें सौंदर्य हवें असतें, सुरकुत्या नव्हे. ओता नाम्पो या समकालीन लेखकानें लिहून ठेवलें आहे कीं, हुबेहुबपणाच्या हव्यासानें शाराकूनें नको तें रेखाटलें व म्हणूनच तो फार काळ टिकला नाहीं. त्याच वर्षीं तोयोकुनी या चित्रकारानें नटांचीं डौलदार चित्रें काढण्यास आरंभ केला व तो लोकप्रिय झाला. शाराकूचीं पुढील चित्रें बहुतांशीं लहान, पूर्णाकृति व कमी धारदार होत गेलीं. इ. स. १७९५ च्या प्रारंभीं, सुमारें दहा महिन्यांत १४० हून अधिक चित्रें देऊन, तो नाहींसा झाला.

तो होता तरी कोण? इ. स. १८४४ मधील एका नोंदीप्रमाणें त्याचें खरें नांव साइतो जूरोबेई असून तो आवा प्रांताच्या सरदाराच्या पदरीं नो नाटकांत काम करणारा नट होता. पुष्कळ अभ्यासक हेंच मत ग्राह्य मानतात. तें खरें असेल, तर मुखवटे घालून खेळल्या जाणाऱ्या नाटकांतल्या माणसानेंच रंगविलेल्या चेहऱ्यामागील माणूस पाहिला, असें म्हणावें लागेल.

इ. स. १९१० मध्यें युलियुस कुर्थ या जर्मन पंडितानें त्याच्यावर ग्रंथ लिहिला आणि त्याची कीर्ति जगभर पसरली. ज्या सत्यामुळें त्या वेळचें गिऱ्हाईक बिचकलें, त्याच सत्यामुळें ते नट आज आपल्यापुढें जिवंत उभे आहेत. खुशामतीचें चित्र त्या हंगामापुरतें खपतें. खऱ्या चित्रास मात्र कधीं कधीं शंभर वर्षें वाट पहावी लागते.