एक कप म्हणजे नेमके किती मिली?

इंदुरी (ता. मावळ) : इंद्रायणी तांदळाचा भात लावताना कप लहान की मोठा, याने फरक पडत नाही. ज्या कपाने तांदूळ मोजला त्याच कपाने पाणी घातले की प्रमाण जमते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने विकसित केलेला हा तांदूळ मावळात घरोघरी असाच शिजतो. घोळ होतो तो दूध, औषध किंवा व्हिडिओतली पाककृती मिलिलिटरमध्ये माप सांगते तेव्हा.

कप एक, मापे अनेक
• मेट्रिक कप : २५० मिली
• अमेरिकी कप : सुमारे २३७ मिली
• जपानी कप : २०० मिली
• राइस कुकरसोबतचा कप : साधारण १८० मिली
• मोजमापाचा छोटा चमचा ५ मिली, मोठा १५ मिली

हिशेब कसा करायचा?
मिलीच्या आकड्याला आपल्या कपाच्या मापाने भागा. अर्धा लिटर दूध म्हणजे मेट्रिक मापाचे २ कप, पण कुकरच्या कपाने जवळपास पावणेतीन.

घरातला कप कसा मोजाल?
रिकामा कप वजनकाट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. १ ग्रॅम पाणी म्हणजे १ मिली. काटा नसेल तर एक लिटरच्या बाटलीतले पाणी कपाने मोजा. ६ कप भरले, तर एक कप साधारण १६७ मिलीचा. मात्र हा नियम पाण्यापुरताच. एक कप पीठ २५० ग्रॅम भरत नाही आणि तेलही पाण्यापेक्षा हलके असते.

चूक कुठे महागात पडते?
केकमध्ये थोडे दूध कमी-जास्त झाले तर चालते, जुलाब झालेल्या मुलाच्या जलसंजीवनीत चालत नाही. ओआरएसचे मोठे पाकीट १ लिटर पाण्यासाठी असते. ‘४ कप म्हणजे लिटर’ असे धरून १५० मिलीच्या चहाच्या कपाने पाणी घेतले, तर ते भरते फक्त ६०० मिली. द्रावणात क्षार जास्त होतात आणि ते बाळाला अपायकारक ठरू शकते. बाजारात २०० मिलीची छोटी पाकिटेही मिळतात, म्हणून पाकिटावरचे माप आधी वाचा. पातळ औषध तर घरच्या चमच्याने नकोच. बाटलीसोबतचे टोपण किंवा मापाचा कपच वापरा.

एकदा मोजलेल्या कपाच्या तळाला माप लिहिलेली चिकटपट्टी लावली, की रोजचा अंदाज संपतो.