पाकळीचा पांढरा, कागदाचा पांढरा

तगरीची पाकळी बोटांत चुरगळली की तिचा पांढरेपणा जातो आणि ओलसर, आरपार दिसेलसा पापुद्रा उरतो. पाकळीत पांढरं रंगद्रव्य नव्हतंच. पेशींमधल्या हवेच्या बारीक पोकळ्यांपाशी प्रकाश चहूकडे विखुरतो, सगळे रंग सारखेच परततात, म्हणून ती पांढरी दिसते. दाबली की हवा निघून जाते. जलरंगाच्या कागदाचंही तेच. सेल्युलोजचे तंतू मुळात रंगहीन, पांढरेपणा त्यांच्यामधल्या हवेमुळे. म्हणून तर कागद भिजला की मळकट दिसतो. दोन्हींचा पांढरा एकाच कारणानं येत असेल, तर कागद कोरा राखून फुलाभोवतीचा काळोख रंगवणं, म्हणजे निगेटिव्ह पेंटिंग, ही निव्वळ क्लृप्ती ठरत नाही. पांढऱ्या फुलाकडे जायची ती सर्वांत सरळ वाट आहे.

पांढरा रंग बाजारात असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. विन्सर अँड न्यूटननं 1834 मध्ये झिंक ऑक्साइडचा ‘चायनीज व्हाइट’ आणला, आणि केसराच्या टोकावरच्या ठिपक्याला तो छानच. पण गडद रंग झाकायला त्याचा जाड थर लागतो, आणि त्यावर पाकळीची निळसर सावली चढवायला गेलं की खालचा डिंक विरघळून सगळं खडूसारखं फिकट होतं. शिवाय कोरा कागद राखण्यात एक फायदा आपसूक मिळतो. ओला रंग वाळताना कडेचं पाणी लवकर उडतं, ते भरून काढायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि रंगाचे कण तिथे साचतात. ही गडद रेघ पाकळीच्या बरोबर बाहेर पडते. गडदाशेजारचं फिकट अधिक उजळ भासतं, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी 1839 मध्येच सविस्तर मांडलं होतं.

फुलाभोवतीचा काळोख एकावर एक पातळ थर देऊन चढवतात, आणि या थरांबद्दलचा आक्षेप जास्त वजनदार आहे: तोच गडद रंग पॅलेटवर कालवून एकदाच का लावू नये? पूर्ण पारदर्शक रंगांत मिश्रण आणि थर यांचा परिणाम जवळपास सारखाच, हे मान्य. मात्र प्रकाश थरातून जाताना आणि कागदावरून परतताना, असा दोनदा गाळला जातो. एका वेळी निम्मा अडला तर ढोबळमानानं पाव हिस्सा परततो. तसाच दुसरा थर दिला की सोळावा. त्यामुळे फुलावर शून्य, जवळच्या पानावर एक, मागच्या पानावर दोन थर, एवढ्यात खोली तयार होते, आणि खालचा थर सामाईक असल्यानं सगळी पानं एकाच उजेडातली वाटतात. अट एवढीच, की आधीचा थर खडखडीत वाळू द्यायचा. कागदात घट्ट बसणारा थॅलो निळा खाली घ्यावा. सहज उचलला जाणारा अल्ट्रामरीन वर.