‘हो’ म्हणण्याआधी

मागच्या महिन्यात एका लग्नाला निघालो होतो. भाड्याची गाडी, मी, नणंद आणि लेक. प्रवासात गाणी हवीतच, म्हणून लेकीने माझा फोन ब्लूटूथने गाडीच्या स्क्रीनला जोडून दिला. फोनने काहीतरी विचारलं, मी न वाचताच ‘हो’ केलं.

घाटात गाणं मध्येच थांबलं. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात एक नाव उमटलं. मी सवयीने फोन कानाला लावला, पण आवाज आला तो गाडीच्या स्पीकरमधून, ‘ताई, काल रात्री परत मारलं हो त्यांनी...’

घाईघाईने मी फोन बंद केला. गाडीत कुणीच बोलेना. थोड्या वेळाने ड्रायव्हरदादा हळूच म्हणाले, ‘ताई, ही आमच्याच आळीतली ना?’ माझ्या पोटात धस्स झालं.

अडचणीतल्या बायकांचं ऐकून घेणं, हे माझं काम. ‘हे आपल्या दोघींतच राहील’ हा आमचा पहिला शब्द. तोच माझ्या हातून मोडला, तोही गाण्यांपायी!

नंतर लेकीने सांगितलं ते ऐकून तर झोपच उडाली. जोडताना परवानगी दिली, की फोनमधली नावं, नंबर आणि आल्या-गेल्या कॉलची यादीही गाडीकडे जाते. काही गाड्यांत आपण उतरलो तरी ती साठून राहते. फोन माझा, पण त्यातली नावं माझ्या एकटीची थोडीच आहेत?

हा धडा तसा जुनाच. २००४ मध्ये ‘कॅबिर’ नावाचा व्हायरस ब्लूटूथवरून एका फोनमधून दुसऱ्यात शिरायचा. तोही आधी विचारायचा आणि माणसं ‘हो’ म्हणून मोकळी व्हायची. २०१७ मध्ये उघड झालेल्या ‘ब्लूबोर्न’ त्रुटींना तर ‘हो’चीही गरज नव्हती, ब्लूटूथ चालू असलं की पुरे. म्हणून फोनचे अपडेट ‘नंतर बघू’ म्हणून टाळू नयेत.

आता मी काही गोष्टी कटाक्षाने पाळते. काम झालं की ब्लूटूथ बंद. अनोळखी फोनकडून जोडणीची विचारणा आली तर सरळ नकार. परक्या गाडीत गाणी लावलीच, तर नावं-नंबरांची परवानगी द्यायची नाही. आणि उतरताना गाडीच्या यादीतून माझा फोन आणि माझ्या फोनमधून गाडी, दोन्ही पुसायचं. पर्स राहिली नाही ना, हे बघतोच की आपण!

परत आल्यावर त्या बाईला भेटून घडलं ते सगळं सांगितलं, माफी मागितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘ताई, माझं नाव तेवढं बदलून ठेवा.’

आता माझ्या फोनमध्ये ती ‘फुलवाली’ आहे.