‘पार्ट नीट लावा’ म्हणजे नेमका कसा?

मापन यंत्राच्या पडद्यावर एक चौकट उघडते : ‘प्लेस पार्ट अ‍ॅज पर ड्रॉइंग अँड प्रेस ओके.’ यंत्र थांबलेले, ‘ओके’ दाबण्याची वाट पाहत. चाकण असो, सातपूर असो की कोल्हापूरची शिरोली, वाहनांचे सुटे भाग तपासणाऱ्या ऑपरेटरला असे संदेश ओळखीचे आहेत. ज्याने प्रोग्राम लिहिला, त्याला अर्थ लख्ख ठाऊक असतो; पण तो संध्याकाळी घरी जातो. रात्रपाळीला नव्याने आलेल्या मुलाने जॉब कोणत्या बाजूने ठेवायचा, हे त्या वाक्यात कुठेच नाही.

हे यंत्र म्हणजे सीएमएम, कोऑर्डिनेट मेजरिंग मशीन. ग्रॅनाइटचे टेबल, तीन दिशांना सरकणारा सांगाडा आणि टोकाला माणकाचा बारीक मणी बसवलेला प्रोब. मणी जॉबला टेकला की त्या बिंदूचे स्थान नोंदवले जाते. असा टेकताच सिग्नल देणारा प्रोब डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी 1972 मध्ये कॉन्कॉर्ड विमानाच्या इंजिनातल्या नळ्या मोजण्यासाठी बनवला. आज बहुतेक बिंदू यंत्र स्वतःच घेते. माणसाकडे उरते ते जॉब लावणे, क्लॅम्प आवळणे आणि जॉयस्टिकने सुरुवातीचे बिंदू घेऊन जॉब नेमका कुठे आहे हे यंत्राला दाखवणे : सपाट पृष्ठभागावर तीन, एका कडेवर दोन, दुसरीवर एक.

चुका होतात त्या इथेच. दोन्हीकडून सारखा दिसणारा ब्रॅकेट उलटा लागला, तर प्रोब क्लॅम्पवर आदळू शकतो. आदळला नाही तर जास्त वाईट, कारण भलतेच भोक बिनबोभाट मोजले जाते आणि अहवालात सगळे बरोबर दिसू शकते.

म्हणूनच अनेक मापन सॉफ्टवेअरमध्ये ऑपरेटरच्या संदेशाला फोटो किंवा व्हिडिओ जोडण्याची सोय असते. ती वापरताना कॅड मॉडेलचे चित्र चिकटवण्याचा मोह होतो, कारण ते आयते मिळते. पण मॉडेल हवेत तरंगत असते. त्यात ना जॉब धरून ठेवणारे फिक्स्चर, ना टेबल. त्यापेक्षा ऑपरेटर जिथे उभा राहतो तिथूनच काढलेला मोबाइलचा साधा फोटो कितीतरी उपयोगी. त्यावर एकच लाल बाण हवा : ओतीव अंक असलेली बाजू आपल्याकडे. जॉयस्टिकच्या बिंदूंसाठी त्याच फोटोवर 1 ते 6 आकडे टाकले की जवळजवळ काहीच विचारावे लागत नाही.

व्हिडिओ लागतो तो क्रम दाखवायला. पातळ भिंतीचे अ‍ॅल्युमिनियम कास्टिंग क्लॅम्पने जास्त आवळले तर वाकते आणि वाकलेलेच मोजले जाते. आधी कोणता क्लॅम्प, हाताने किती, मग पाना किती फिरवायचा, हे पंधरा-वीस सेकंदांत दिसते. शॉपफ्लोअरवर काँप्रेसर धडधडत असतो, त्यामुळे व्हिडिओ आवाजाशिवाय कळला पाहिजे.

तापमानाचे मात्र शब्दांतच सांगावे. मापे 20 अंश सेल्सिअसला धरून दिलेली असतात; अर्धा मीटर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा जॉब चार अंशांनी गरम असला तर तो सुमारे 46 मायक्रॉनने लांब भरतो. गरमपणा फोटोत दिसत नाही.

आणि प्रत्येक पायरीला चित्र लावणे हा उपाय नव्हे. दिवसभरात तोच प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या अनुभवी ऑपरेटरसमोर चौकटींची रांग लागली, की बोट न वाचताच ‘ओके’वर पडू लागते आणि धोक्याची सूचनाही त्यात निघून जाते. जिथे हाताने काही करायचे आहे, तिथेच यंत्र थांबवावे.

उरतो देखभालीचा प्रश्न, आणि तो क्षुल्लक नाही. फोटो प्रोग्रामरच्या संगणकावरच्या फोल्डरमध्ये राहिला आणि प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर गेला, तर चौकट रिकामी उघडते. म्हणून चित्रे प्रोग्रामसोबतच किंवा सर्वांना पोहोचणाऱ्या सर्व्हरवर ठेवावीत. ड्रॉइंगचे रिव्हिजन बदलले, फिक्स्चरची पिन सरकली आणि फोटो जुनाच राहिला, तर ऑपरेटर त्याच फोटोवर विश्वास ठेवून जॉब चुकीचा लावेल. फोटोच्या कोपऱ्यात पार्ट नंबर आणि रिव्हिजन छापले, तर ड्रॉइंगशी ताडून ही तफावत त्यालाच पकडता येते.