खायचा सोडा तापवल्यावर किती उरतो?

सोडा तापला की कार्बन डायऑक्साइड निघतो आणि भजी फुगतात, हे मुले सांगतात. मागे काय उरते, असे विचारले की वर्ग गप्प होतो. उत्तरपत्रिका तपासताना आम्हांला एकदा ८.४ ग्रॅम सोड्यापासून १०.६ ग्रॅम अवशेष मिळाल्याचे उत्तर आढळले. वायू उडून गेला आणि उरलेले जड झाले! गुणाकार-भागाकार बिनचूक होते. फक्त समीकरणातला '२' विसरला होता.

खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याचा रेणुभार २३ + १ + १२ + ४८ = ८४; सोडियम कार्बोनेटचा १०६. परंतु कार्बोनेटच्या एका रेणूत सोडियमचे दोन अणू लागतात, म्हणून सोड्याचे दोन रेणू खर्ची पडतात. १६८ ग्रॅम सोड्यापासून १०६ ग्रॅम कार्बोनेट, १८ ग्रॅम पाणी व ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. म्हणजे ८.४ ग्रॅमपासून ५.३ ग्रॅम.

पण कार्बोनेटच उरते कशावरून? पुस्तकात लिहिले आहे म्हणून? कागदावर आणखी दोन समीकरणे तितकीच चोख जुळतात. कार्बन डायऑक्साइड जाऊन सोडियम हायड्रॉक्साइड उरले, तर अवशेष ४.० ग्रॅम भरेल. सोडियम ऑक्साइड उरले, तर ३.१ ग्रॅम. यांतले खरे कोणते, ते तराजूच सांगू शकतो.

चिनी मातीच्या कोरड्या बशीचे वजन करून तीत ८.४ ग्रॅम सोडा घ्यावा. अधूनमधून ढवळत तो चांगला तापवावा, थंड करून वजन करावे, पुन्हा तापवून पुन्हा वजन करावे. लागोपाठ दोन वजने सारखी येईपर्यंत थांबू नये. घाई केली तर आकडा जास्त येतो. अवशेष ५.३ ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि प्रश्न सुटतो.

येथे एक गंमत आहे. घटलेले वजनही ३.१ ग्रॅमच असते! अवशेषाच्या जागी घट लिहिणारा विद्यार्थी ऑक्साइड सापडल्याचे छातीठोकपणे सांगेल. वहीत दोन्ही रकाने वेगळे हवेत.

पावसाळ्यात थंड झालेली बशी उघडी ठेवू नये, कारण कार्बोनेट हवेतली वाफ शोषून घेते. आणि बेकिंग पावडर मुळीच वापरू नये. तिच्यात आम्लधर्मी पदार्थ आणि स्टार्च मिसळलेले असतात. तिचा अवशेष तिन्ही समीकरणांपैकी एकाशीही ताडून पाहता येत नाही.