अपडेटनंतर सर्व्हर सुरूच होत नाही? दोष नव्या कर्नलचा नसेलही!

रात्री 'मेंटेनन्स'साठी बंद ठेवलेलं अ‍ॅप सकाळ झाली तरी उघडत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. त्याची कारणं बरीच असू शकतात. त्यातलंच एक म्हणजे अपडेटनंतर रीस्टार्ट केलेला लिनक्स सर्व्हर पुन्हा सुरूच न होणं. अशा वेळी पहिला संशय नव्या कर्नलवर जातो. खरा घोळ मात्र अनेकदा आधीच झालेला असतो.

कर्नल आणि मल्टिपाथ म्हणजे काय?

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांच्याशी बोलण्याचं काम तो करतो. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स कर्नल पहिल्यांदा प्रसिद्ध केला.

मोठ्या सर्व्हरची डिस्क बऱ्याचदा त्याच्या पोटात नसते. ती वेगळ्या स्टोरेज यंत्रात असते आणि तिथपर्यंत दोन किंवा अधिक केबल जातात. एक तुटली तरी दुसरीवरून काम चालू राहावं, हा उद्देश. याला म्हणतात मल्टिपाथ.

गंमत अशी की, एकाच घराला दोन दारं असावीत आणि नवख्या माणसाला ती दोन घरं वाटावीत, तसं सर्व्हरला एकाच डिस्कच्या दोन डिस्क दिसतात. डिस्कचा ओळख क्रमांक तपासून 'ही एकच डिस्क आहे' हे ठरवण्याचं काम मल्टिपाथ सॉफ्टवेअर करतं.

मग गाडी अडते कुठे?

सर्व्हर सुरू होताना कर्नलसोबत 'इनिटरॅमएफएस' नावाची छोटी फाइल मेमरीत येते. मुख्य डिस्क शोधण्यासाठी लागणारे ड्रायव्हर आणि सेटिंग त्यात असतात. थोडक्यात, प्रवासाआधी भरलेली बॅग!

नवा कर्नल आला की त्याच्यासाठी नवी बॅग भरली जाते, तीही त्या वेळच्या सेटिंगनुसार. समजा, चार महिन्यांपूर्वी कुणीतरी मल्टिपाथच्या सेटिंगमध्ये चुकीचा बदल केला. जुन्या बॅगेत जुनी, बरोबर प्रत होती. शिवाय सर्व्हर रीस्टार्टही झाला नाही. त्यामुळे चूक कुणाला कळली नाही. अपडेटच्या दिवशी तीच चूक नव्या बॅगेत जाते. सर्व्हर डिस्क शोधत राहतो आणि शेवटी आणीबाणीच्या काळ्या स्क्रीनवर थांबतो.

कधी कधी तो एकाच मार्गावरून निमूटपणे सुरूही होतो. हे जास्त धोक्याचं. सगळं ठीक वाटतं, पण ती एक केबल गेली की सर्व्हर बंद!

उपाय काय?

- घाबरून सिस्टिम नव्याने टाकू नये. डिस्क सापडत नाही याचा अर्थ डेटा गेला असा नाही. घाईत केलेल्या इन्स्टॉलेशनमुळे तो खरंच जाऊ शकतो.
- सुरुवातीच्या मेनूतून जुना कर्नल निवडावा. रेड हॅटसारख्या सिस्टिम साधारणपणे शेवटचे तीन कर्नल जपून ठेवतात.
- जुना कर्नल चालला, तर डिस्क आणि केबल बहुधा ठीक आहेत. आता मल्टिपाथची सेटिंग आणि डिस्कचा ओळख क्रमांक तपासून, चूक दुरुस्त करून नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस पुन्हा तयार करावी. रेड हॅटमध्ये हे काम 'ड्राकट' करतं.
- जुना कर्नलही अडला, तर रेस्क्यू मोडमधून हीच दुरुस्ती करावी लागते.
- सर्व्हर सुरू झाल्यावर सगळे मार्ग दिसतात का, हे मोजल्याशिवाय काम संपलं असं समजू नये.

मग अपडेटच टाळावं का?

नाही. २०२२ मध्ये उघड झालेल्या 'डर्टी पाइप'सारख्या त्रुटी कर्नलमध्येच होत्या आणि त्या अपडेटनेच बुजल्या. त्यापेक्षा स्टोरेजच्या सेटिंगमध्ये बदल केला की लगेच, ठरवलेल्या वेळी, सर्व्हर एकदा रीस्टार्ट करून पाहावा. बदल ताजा असताना चूक सापडायला वेळ लागत नाही. चार महिन्यांनी, तेही मध्यरात्री, तो बदल कुणाच्या लक्षात असणार?