हाताला न लागणारा ठेवा

पेटींतील पैठणीला कोणी बाजारभावानें जोखीत नाहीं. तिच्या घडींत लग्नाचा दिवस जपलेला असतो. परंतु मोबाईलमध्यें सांठविलेलीं छायाचित्रें, विकत घेतलेलीं गाणीं किंवा संगणकावरील खेळांत मिळविलेली तलवार यांना ना वजन, ना सुवास. तरीहि हा ठेवा नाहींसा होतांच माणूस हळहळतो, तें कां?

मनुष्य ज्या ज्या गोष्टीला ‘माझी’ म्हणूं शकतो, त्या सर्वांची बेरीज म्हणजेच त्याचा ‘मी’, असा विचार अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनीं १८९० सालीं मांडला. रसेल बेल्क यांनीं १९८८ मध्यें तो वस्तूंच्या मालकीला सविस्तर लावून दाखविला आणि २०१३ मध्यें डिजिटल वस्तूंपर्यंत नेला.

हा लोभ मात्र सर्वांच्या ठायीं सारखा नसतो. वस्तुसंचयालाच सुखाचें साधन व यशाचें माप मानणारी वृत्ति, ती भौतिकवादी वृत्ति. मार्शा रिचिन्स यांना १९९४ सालीं असें आढळलें कीं, या वृत्तीचीं माणसें महाग व चारचौघांत मिरवितां येणाऱ्या वस्तूंना अधिक मोल देतात. इतरांना प्रिय असतात त्या नात्यांची खूण असलेल्या वस्तू. खेळांतील दुर्मिळ तलवार आणि आईच्या आवाजाचा ध्वनिलेख या दोहोंच्या लोभांत भेद आहे तो हाच.

स्त्रीपुरुषांतहि असा भेद दिसतो. शिकागो परिसरांतील ८२ कुटुंबांतल्या ३१५ व्यक्तींना त्यांच्या जिवलग वस्तूंविषयीं विचारून लिहिलेला चिक्सेंटमिहाय व रॉचबर्ग-हॅल्टन यांचा ग्रंथ १९८१ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत पुरुषांनीं दूरचित्रवाणी संच, खेळाचें साहित्य अशा वापरण्याच्या वस्तू अधिक सांगितल्या. स्त्रियांनीं छायाचित्रें, रोपें अशा जपण्याच्या. हा भेद निसर्गदत्तच मानण्याचें कारण नाहीं. घरच्या आठवणी राखण्याचें काम ज्याच्याकडे सोंपविलें जातें, त्याचा जीव त्यांत गुंततो.

खरी अडचण पुढेंच आहे. पैठणीच्या पेटीची किल्ली घरधनिणीच्या कमरेला असे. छायाचित्रांच्या पेटीची किल्ली पुष्कळदां दूरच्या कंपनीपाशीं असते. २००९ मध्यें अ‍ॅमेझॉननें ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या प्रती, विक्रेत्यापाशीं प्रकाशनाचा हक्क नसल्यामुळें, ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या, पैसे परत केले व पुढें क्षमाहि मागितली. पैसे परत येतात. गेलेलें छायाचित्र येत नाहीं. त्यांतून आठवणी जपणारी पत्नी, आणि खातें व परवलीचा शब्द मात्र पतीचा, असें जेथें असेल, तेथें पतीच्या पश्चात् तिचाच ठेवा तिला परका होतो. म्हणून निवडक छायाचित्रें कागदावर छापून घ्यावीं, बाकीच्यांची दुसरी प्रत घरीं ठेवावी आणि परवलीचा शब्द घरांत दोघांना ठाऊक असावा. जीव ज्याचा गुंतला, किल्लीहि त्याच्या हातीं असणें, हाच न्याय होय.